सीमेवरचे रोप

माणसाच्या जिवाचे मोल करता येत नाही, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ज्या शहरी आम्ही पोटापाण्यासाठी येऊन राहिलो, त्या शहरात मात्र हे मोल सुट्टीचे दिवस वगळता रोज सकाळी नऊपासून सायंकाळी साडेपाचपर्यंत चाललेले असते. कुठे एखादे औषध सरकारी खर्चाच्या यादीत घ्यावे की न घ्यावे याचा खल चालतो, कुठे एखाद्या शस्त्रक्रियेचा दर ठरतो, कुठे अमुक रोगाने वर्षाकाठी किती माणसे दगावतात याचे कोष्टक तयार होते. आणि हे करणारे लोक काही निर्दय नसतात. त्यांचेही आईबाप आजारी पडतात, त्यांचीही मुले तापाने फणफणतात, आणि दुपारी डबा उघडला म्हणजे तेही शेजाऱ्याला लोणच्याची फोड देतात. असे असता या व्यवहारात पाप आहे, पुण्य आहे, की दोहोंशी संबंध नसलेले नुसते गणित आहे, हा प्रश्न आम्हांला काही दिवस छळतो आहे. तो वाचकांपुढे मांडावा म्हणून हा प्रपंच.

आम्ही या शास्त्राचे पंडित नव्हे. अर्थशास्त्र घेऊन पदवी मिळवली, स्पर्धेची परीक्षा दिली आणि केंद्र सरकारच्या एका कार्यालयात कारकून होऊन बसलो. आमच्या टेबलावरून इतर कागदांबरोबर वैद्यकीय खर्चाच्या परताव्याची प्रकरणेही जातात. १९५४ साली दिल्लीत सुरू झालेल्या केंद्रीय आरोग्य योजनेचे कार्ड आपल्यापैकी बहुतेकांच्या खिशात असल्यामुळे या प्रकरणांचे स्वरूप वाचकांना समजावून सांगायला नको. रुग्णालयाचे बिल एक असते, ठरलेला दर दुसरा असतो, आणि दोहोंमधले अंतर ज्याचे त्याने सोसायचे असते. दर कोणी ठरवला, कशावरून ठरवला, हे आमच्या फाइलीत लिहिलेले नसते. आम्ही रेघ ओढतो, परंतु ती कुठे ओढायची हे वरून आलेले असते. बरीच वर्षे आमचा असा समज होता, की या वरच्या जागी कोणी मोठा अधिकारी बसलेला असावा. अलीकडे कळले, की त्या जागी पुष्कळदा पंचविशी-तिशीतला एक संशोधक बसलेला असतो. त्याला धड नोकरीही नसते, आणि त्याच्या कोष्टकावरून पुढे तो दर, ती यादी, ती मर्यादा ठरत जाते.

हे आम्हांला कळले ते आमच्या शेजारच्या खोलीत राहणाऱ्या एका तरुणामुळे. तो मूळचा मराठवाड्यातला, शेतकऱ्याचा मुलगा. पुण्यास संख्याशास्त्र शिकला आणि आता येथील एका संशोधन प्रकल्पात उपचारखर्चाचे आकडे जुळवण्याचे काम करतो. नेमणूक सहा-सहा महिन्यांची, प्रकल्प संपला की माणूस मोकळा. सारे लेखन इंग्रजीत, ते छापायचे परदेशी नियतकालिकांत. ज्या गावकऱ्याच्या दुखण्याचा तो हिशेब करतो, त्याच्या दृष्टीस ते कधी पडायचे नाही. पुढे डॉक्टरेट करावी असा त्याचा मानस आहे. उलट गुरुग्राममधली एक विमा कंपनी हेच गणित करण्यासाठी त्याला जवळजवळ दुप्पट पगार देऊ करते. हे सगळे ठीक; परंतु तो खरा अडला आहे तो वडिलांच्या एका प्रश्नापाशी. मुलगा दवाखान्याशी संबंधित काही करतो एवढेच त्यांना ठाऊक. गेल्या खेपेस त्यांनी विचारले, "तुझ्या आकड्यांनी एखादा तरी माणूस बरा झाला का रे?" त्याच्या चुलत्याच्या कर्करोगापायी घरची दोन एकर जमीन गेलेली आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या प्रश्नाची धार कळते. "दादा, काय उत्तर देऊ?" असे त्याने आम्हांला विचारले. आमच्याजवळ तयार उत्तर नव्हते. मग आम्ही जुनी पुस्तके उघडली, आणि एका मराठी माणसाच्या चरित्रापाशी येऊन थांबलो.

पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे नाव आज किती जणांस आठवत असेल कोण जाणे. सातारा जिल्ह्यातल्या बुध या गावी १९११ साली जन्म, पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिक्षण, नंतर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातून १९३६ मध्ये डॉक्टरेट. परतल्यावर कलकत्त्याच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेत वर्षभर अध्यापन केले, म्हणजे आजच्या भाषेत ते वैद्यकीय संख्याशास्त्रातच होते. १९४० साली ते दिल्लीस कृषी संशोधन परिषदेत आले. तेथील संख्याशास्त्राच्या शाखेचा पुढे एवढा वटवृक्ष झाला, की पुशाच्या आवारात आज एक मोठी संस्था उभी आहे. त्यांच्यानंतर ती धुरा व्ही. जी. पानसे यांनी वाहिली. दोघांनी मिळून लिहिलेले शेतीविषयक संख्याशास्त्राचे पुस्तक १९५४ साली निघाले आणि पुढच्या कित्येक पिढ्यांनी ते अभ्यासले. दिल्लीत मराठी माणूस केवळ फाइली सरकवण्यास येतो, या समजुतीला हे दोन अपवाद आम्ही मुद्दाम नोंदवून ठेवतो.

सुखात्म्यांपुढे आलेला प्रश्न दिसायला अगदी साधा होता: देशात धान्य किती पिकते? त्या काळी याचे उत्तर आणेवारीने मिळत असे. तलाठी बांधावर उभा राहून पिकाकडे पाही आणि यंदा रुपयात इतके आणे पीक, असे सांगे. आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात. परंतु शीत कुठले उचलायचे हे उचलणाऱ्याच्या मर्जीवर असले, तर ती परीक्षा भाताची न राहता उचलणाऱ्याचीच होते. म्हणून कोणते गाव, कोणते शेत, शेतातला कोणता तुकडा, हे सारे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे दैवावर सोपवायचे आणि त्या तुकड्यातले पीक प्रत्यक्ष कापून, मळून, तोलायचे, अशी पद्धत बसवण्यात आली. आता तो तुकडा केवढा घ्यायचा? कलकत्त्याचे प्राध्यापक महालनोबिस यांचा कल लहान तुकड्यांकडे होता. त्यात खर्च कमी आणि काम झटपट. सुखात्म्यांनी दाखवून दिले, की लहान तुकडे घेतले म्हणजे उत्पन्न वास्तवापेक्षा अधिक दिसते. त्याचे कारण मोठे मासलेवाईक आहे. तुकड्याच्या कडेवर जी रोपे असतात, अर्धी आत अर्धी बाहेर, त्यांना कापणारा माणूस बहुधा आत घेतो. तो लबाडी करीत नसतो. भरले कणीस बाहेर टाकण्यास हात धजत नाही एवढेच. तुकडा जितका लहान, तितकी त्याच्या क्षेत्राच्या मानाने कड लांब, आणि तितकी ही चूक मोठी. हाताच्या या चांगुलपणाने देशाच्या कोठारात नसलेले धान्य कागदावर दिसू लागते. आणि कागदावर धान्य दिसले, की बाहेरून आणण्याची निकड वाटेनाशी होते. बंगालचा १९४३ चा दुष्काळ ताजा असलेल्या काळातली ही गोष्ट आहे. कडेवरचे रोप दयेने आत घेतल्यामुळे कुठल्या तरी घरचे ताट रिकामे राहणे शक्य होते.

आम्ही या हकिगतीवर फार वेळ घुटमळलो, कारण आमच्या प्रश्नाचा गाभा हा कडेवरच्या रोपापाशीच आहे असे आम्हांला वाटू लागले आहे. तुकड्याच्या मध्यभागी काहीच वाद नसतो. जो धडधाकट आहे तो धडधाकट, जो मरणोन्मुख आहे तो मरणोन्मुख. त्यांची मोजदाद आमच्यासारखा कारकूनही करील. शास्त्र लागते आणि सदसद्विवेकही लागतो तो कडेवर, आणि कड कुठून न्यायची हे ठरवताना. एरव्ही लोक संख्याशास्त्रज्ञाविषयी दोन टोकांची मते बाळगतात. कोणी म्हणतात त्याचे काळीज दगडाचे असते, त्याला माणूस दिसत नाही. कोणी म्हणतात आकडा कधी खोटे बोलत नाही, म्हणून आकडेवाला म्हणेल ते प्रमाण. दोन्ही मतांत एक सोय दडलेली आहे. पहिल्याने त्याचे ऐकण्यातून सुटका होते, आणि दुसऱ्याने त्याला जाब विचारण्यातून.

सुखात्म्यांचे पुढचे आयुष्य याच कडेवर गेले. १९५१ मध्ये ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत गेले आणि रोम येथे जवळजवळ वीस वर्षे जगाच्या भुकेचा हिशेब करीत राहिले. जगातील दोनतृतीयांश माणसे उपाशी आहेत, असा मोठा आकडा तेव्हा मोठ्या माणसांच्या तोंडी होता. सुखात्म्यांनी १९६१ मध्ये तो पारखून घेतला आणि पोट न भरणे निराळे व पोट भरूनही सकस न मिळणे निराळे, असा भेद करून पहिल्या प्रकारचे प्रमाण बरेच खाली आणले. भूक कमी करून सांगितली म्हणून त्यांच्यावर रोष झाला असेल, यात नवल नाही. भुकेल्यांची बाजू घेणाऱ्याने संख्या फुगवूनच सांगितली पाहिजे, असा एक अलिखित संकेत चांगल्या लोकांत असतो. पुन्हा तोच कडेवरच्या रोपाचा मोह.

परंतु त्यांची खरी परीक्षा निवृत्तीनंतर, पुण्यात झाली; आणि त्या परीक्षेचा निकाल लावणे आम्हांला अजून साधलेले नाही. १९७१ मध्ये विनायक महादेव दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा भारतातील दारिद्र्यावरचा प्रबंध प्रसिद्ध झाला. दरडोई दररोज २२५० उष्मांक देणारा आहार ज्याला खर्चाच्या दृष्टीने परवडत नाही तो दरिद्री, अशी रेघ त्यांनी ओढली; आणि त्या रेघेखाली १९६०-६१ साली ग्रामीण जनतेपैकी सुमारे चाळीस टक्के व नागरी जनतेपैकी सुमारे पन्नास टक्के माणसे सापडली. सुखात्म्यांचा आक्षेप असा, की ही सरासरी गरज आहे, ती किमान गरज नव्हे. एकाच माणसाचा आहार दिवसागणिक बदलतो आणि काही मर्यादेत शरीर त्याच्याशी जुळवून घेते. सरासरीवर रेघ ओढली तर पोटभर जेवणाऱ्या समाजातही निम्मे लोक उपाशी ठरतील! म्हणून रेघ बरीच खाली नेली पाहिजे. ती खाली नेली म्हणजे अर्थातच उपाशी माणसांची संख्या कोट्यवधींनी घटते. एका गणिती वाक्याने एवढी माणसे भुकेच्या यादीतून बाहेर गेली, आणि त्यांच्यापैकी एकाच्याही ताटात भाकरीचा तुकडा वाढला नाही.

दांडेकरांनी कडाडून विरोध केला. गरिबाच्या घरचे ताट रोजच अपुरे असते, ते शरीराच्या चढउतारामुळे नव्हे तर पैशाच्या टंचाईमुळे, असा त्या विरोधाचा रोख होता. इकडे दिल्लीत डॉक्टर सी. गोपालन यांनी आघाडी उघडली. ते भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे महासंचालक होते आणि निवृत्तीच्या सुमारास, १९८० मध्ये, त्यांनी येथे न्यूट्रिशन फाउंडेशनची स्थापना केली. डेव्हिड सेक्लर नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने त्या दिवसांत सुखात्म्यांच्या विचारसरणीला धरून असे मांडले, की खुजी माणसे आहेत ती खुजी परंतु निरोगी आहेत. यावर गोपालनांचे म्हणणे थोडक्यात असे, की कमी अन्नावर शरीर जगते खरे, पण ते त्याची किंमत मोजून. वाढ खुंटते, कष्टाची ताकद घटते, आणि ही किंमत गरिबांनीच का मोजावी? आम्हांला विचाराल तर या वादात आमचे मन गोपालनांकडे झुकते. उंचापुऱ्या माणसाने आपल्या मुलासाठी जे मोजमाप पत्करले नसते, ते दुसऱ्याच्या मुलासाठी शास्त्र म्हणून सांगू नये.

तरीही सुखात्म्यांना गुन्हेगार ठरवण्यास आम्ही तयार नाही. एक तर सरासरीला किमान मानण्याची चूक ती चूकच होती आणि ती दाखवणे त्यांचे काम होते. दुसरे असे, की दूषित पाण्याने आणि घाणीने पोटे बिघडलेल्या मुलांच्या अंगी कितीही अन्न लागत नाही, म्हणून भुकेचा इलाज करताना स्वच्छ पाणी आणि शौचालय यांचा विचार आधी करा, असे ते तेव्हापासून सांगत होते. पुढे त्याच दिशेने पुष्कळ संशोधन झाले. वाईट गोष्ट एवढीच, की रेघ खाली नेणारे त्यांचे वाक्य ज्यांना सोयीचे होते त्यांनी उचलले, आणि पाण्याचे वाक्य खर्चाचे होते म्हणून मागे ठेवले. आपल्या निष्कर्षातले कोणते अर्धे उचलले जाईल याचा विचार शास्त्रज्ञाने करावा की नाही? सत्य सांगून मोकळे व्हावे, असे एक मत आहे. आम्ही सरकारी कचेरीत बसतो. टिपणीतले कुठले वाक्य वर जाते आणि कुठले खालीच राहते, हे आम्ही रोज पाहतो. त्यामुळे मोकळे होण्याची ही कल्पना आम्हांला थोडी भोळी वाटते.

रेघेच्या बाहेर राहणाऱ्यांचे काय, हा प्रश्न याहूनही कठीण स्वरूपात वैद्यकाच्या संख्याशास्त्रात उभा राहतो. लंडनच्या ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांची कथा आम्ही त्या तरुणाला सांगितली, कारण ती त्याच्या धंद्याच्या मुळाशी आहे. हिल यांना वैद्य व्हायचे होते, परंतु पहिल्या महायुद्धात क्षयाने गाठले आणि तो मार्ग बंद झाला. त्यांनी टपालाने शिकून अर्थशास्त्राची पदवी घेतली आणि पुढे वैद्यकीय संख्याशास्त्राचे ते प्रवर्तक ठरले. स्ट्रेप्टोमायसिन हे नवे औषध आले तेव्हा ब्रिटनमध्ये त्याचा साठा अगदी तुटपुंजा होता. सर्वांना पुरणे शक्यच नव्हते. तेव्हा कोणाला द्यायचे हे वशिल्याने किंवा वैद्याच्या दयेने न ठरवता बंद पाकिटातल्या चिठ्ठीने ठरवायचे, असे ठरले. ५५ रुग्णांना औषध मिळाले, ५२ जणांना नुसती विश्रांती. सहा महिन्यांत पहिल्या गटातील ४ दगावले, दुसऱ्यातील १४. हे १९४८ साली प्रसिद्ध झाले आणि औषधांची पारख कशी करावी याचा तो धडा ठरला. क्षयाने ज्याचे आयुष्य वळवले त्या माणसाने क्षयी माणसांच्या नावापुढे चिठ्ठ्या लावल्या, यात किती मनोधैर्य लागले असेल! औषध कमी होते म्हणून ते धैर्य क्षम्य ठरते. ज्यांना द्यायचे नाही त्यांना कोणत्याही मार्गाने ते मिळणारच नव्हते.

आपल्याकडचे उदाहरण गडचिरोलीचे. डॉक्टर अभय आणि राणी बंग हे दोघेही वैद्य. अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे, म्हणजे मोजण्याचे, शिक्षण घेऊन ते १९८६ मध्ये त्या जिल्ह्यात गेले. दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून, त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग आहे, असे १९८९ साली त्यांनी जगापुढे मांडले. झाकली मूठ सव्वा लाखाची, या न्यायाने जे दुखणे घरोघर पदराआड झाकलेले होते, ते मोजले गेले तेव्हाच आहे असे मान्य झाले. पुढे खेड्यातल्याच स्त्रियांना शिकवून नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घेण्याचा प्रयोग त्यांनी ३९ गावांत केला आणि तुलनेसाठी ४७ गावे ठेवली. नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले, हा निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. २०११ पासून तीच कल्पना सरकारने आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर नेली. "आकड्यांनी कोणी बरा झाला का" या प्रश्नाला येथे सरळ होकारार्थी उत्तर आहे. नुसत्या सेवेने ३९ गावे वाचली असती. मोजले म्हणून दिल्लीला ते नाकारता आले नाही.

तथापि, आमचे लक्ष त्या ४७ गावांकडे गेल्यावाचून राहत नाही. ही गावे कडेबाहेरची होती. तेथे कोणी अन्याय केला नाही. आधी जे होते ते तेथे होतेच, आणि प्रयोग यशस्वी होईल हे कोणाला ठाऊक असते तर प्रयोगच कशाला लागला असता. हा युक्तिवाद आम्ही मान्य करतो. तरी त्या गावातल्या एखाद्या आईने तो कसा ऐकला असता, ही शंका मनात राहतेच. आणि ती राहू द्यावी, पुसून टाकू नये, असे आमचे मत आहे. जो संशोधक ती पुसून टाकतो, त्याच्या कोष्टकावर आम्ही कमी भरवसा ठेवू. जो ती बाळगतो, तो प्रयोग संपताच तुलनेच्या गावांकडे पहिल्यांदा जाईल.

आता आजच्या दिल्लीकडे येऊ. अन्सारीनगरात वैद्यकीय संख्याशास्त्राची सरकारी संस्था आहे. अलीकडे तिच्या नावात संगणकयुगाला साजेसे शब्द आले आहेत. विद्यापीठाच्या परिसरात आर्थिक विकास संस्था आहे, जवाहरलाल नेहरू विद्यापीठात सामाजिक वैद्यकाचे केंद्र आहे. २०१७ पासून आरोग्य संशोधन विभागात नवी औषधे, यंत्रे, उपचार यांचे मोल ठरवण्याची एक व्यवस्था चालू आहे. तिची रीत अशी: एखाद्या उपचाराने माणसाला किती वर्षे अधिक मिळतील ते काढायचे, ती वर्षे कशी जातील, चालता-फिरता की अंथरुणात, याप्रमाणे त्यांना कमी-अधिक वजन द्यायचे, आणि अशा एका भरल्या वर्षासाठी किती खर्च पडतो ते पाहायचे. तो खर्च देशाच्या दरडोई वार्षिक उत्पन्नाच्या आत असला तर उपचार परवडणारा, अशी ढोबळ रेघ आहे. ब्रिटनमध्ये हीच रेघ बराच काळ वीस ते तीस हजार पौंडांवर होती. वर्ष तेच, तीनशे पासष्ट दिवसांचे. देश बदलला की रेघ बदलते. हे ऐकून संताप येतो, आम्हांलाही आला. परंतु रेघ नसली म्हणजे काय होते, हे आम्ही कचेरीत पाहिलेले आहे. ज्याची ओळख आहे, ज्याला इंग्रजीत अर्ज करता येतो, ज्याचा आजार वर्तमानपत्रात आला, त्याला पैसा मिळतो. उघड रेघेशी भांडता तरी येते. वशिल्याशी भांडणार कसे?

त्या वर्षांचे वजन ठरते कसे, हे मात्र वाचकांना सांगितलेच पाहिजे. चंडीगडच्या संशोधकांनी पुढाकार घेऊन आपल्या काही राज्यांत हजारो लोकांना प्रश्न विचारले: अशा दुखण्यासह दहा वर्षे हवीत, की धडधाकट प्रकृतीची त्याहून थोडी? किती थोडी चालतील? उत्तरांवरून वजने निघतात. परदेशी माणसांची वजने आपल्याला लावण्यापेक्षा हे शतपट बरे. परंतु आमच्या डोळ्यांपुढे एखादी म्हातारी येते. ती म्हणेल, "देव ठेवील तितके दिवस, ठेवील तसे राहायचे." या उत्तराला कोष्टकात घर नाही. प्रश्न विचारणाऱ्या मुलाने तिला पुन्हा समजावून सांगावे, तिने कंटाळून एक आकडा सांगावा, आणि तो आकडा त्या म्हातारीचे मत म्हणून दिल्लीस यावा, असेही घडू शकते. उंटावरून शेळ्या हाकणे म्हणतात ते हेच. उंटाला शिव्या देऊन उपयोग नाही. अधूनमधून खाली उतरले पाहिजे, एवढेच.

आमच्या तरुण शेजाऱ्याचे काम या सगळ्याच्या आणखी एका कडेवर आहे. आजारपणात लोक पदरचे किती खर्च करतात, हा त्याचा विषय. सरकारी हिशेबाप्रमाणे देशाच्या एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या पदरचा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. ही घट मोठी आहे, आणि सरकारी खर्च वाढल्याचा त्यात खराखुरा भाग आहे. परंतु एक दिवस त्यानेच आम्हांला विचारले, "दादा, जो दवाखान्यात गेलाच नाही, त्याचा खर्च किती धरायचा?" अर्थात शून्य. ज्याने दुखणे अंगावर काढले, ज्या बाईने तपासणी पुढच्या सुगीवर ढकलली, त्या सर्वांचा खर्च शून्य. आणि असे शून्य जितके अधिक, तितकी सरासरी खाली येऊन देश सुखी दिसतो. उपचार का घेतले नाहीत, असा प्रश्न राष्ट्रीय नमुना पाहणीत विचारला जातो, त्याची उत्तरेही नोंदली जातात. परंतु खर्चाच्या कोष्टकात या माणसांना जागा नाही. त्याच्या चुलत्याचे उलटे झाले. घरखर्चाच्या दहा टक्क्यांहून अधिक पैसा औषधपाण्यात गेला तर त्या खर्चास आपत्ती म्हणावे, अशी एक प्रचलित व्याख्या आहे. चुलता त्या रेघेच्या कितीतरी पलीकडे गेला आणि म्हणून मोजला गेला. त्याच गावात, त्याच रोगाने, जमीन विकायची नाही असे ठरवून जो घरी पडून राहिला, तो कोणत्याच कोष्टकात आपत्तीत नाही. आता या दोघांत अधिक आपद्ग्रस्त कोण?

विमा कंपनीला या दुसऱ्या माणसाशी कर्तव्य नाही, आणि त्याबद्दल तिला दोष देता येत नाही. जो हप्ता भरत नाही तो तिच्या शेतातच नाही. म्हणूनच हा माणूस कोणाच्या तरी शेतात असायचा असेल तर तो सरकारी किंवा विद्यापीठातल्या संशोधकाच्याच असणार. त्या संशोधकाला आपण सहा महिन्यांच्या नेमणुकीवर, भाड्याच्या खोलीत, पुढच्या प्रकल्पाच्या चिंतेत ठेवतो. उपाशी पोटी सत्य सांगण्याची अपेक्षा ऋषींकडून करावी; संख्याशास्त्राच्या पदवीधराकडून ती करणे अंमळ जास्तीचे आहे. ज्याची नेमणूक पुढच्या आकड्यावर अवलंबून, त्याच्या हातून कडेवरचे रोप वरिष्ठांना हव्या त्या बाजूला पडू लागले, तर दोष एकट्या त्याच्या हाताचा म्हणता येईल का?

परवा त्याने डॉक्टरेटचा अर्ज भरला. विषयाच्या रकान्यात, उपचार न घेणाऱ्यांचा खर्च कसा मोजावा, असे काहीसे लांबलचक इंग्रजी शीर्षक आहे. मार्गदर्शकांचे मत पडले, की यात आकडे मिळणे अवघड, निबंध छापून येणे त्याहून अवघड. सोपा विषय घ्यावा. कंपनीला त्याने अद्याप नकार कळवलेला नाही. महिनाअखेरची मुदत आहे. दिवाळीत घरी गेला, की गावात दुखणे अंगावर काढणारे कितीजण आहेत ते वडिलांनाच घेऊन घरोघर विचारायचे, असे त्याच्या मनात आहे. वडील यायला तयार आहेत, फक्त ते म्हणाले, "वहीत नावं लिहायची नाहीत. लोकांना लाज वाटते."